वेगाला वस्ताद द्या

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहराने वेग विकत घेतला, वेग बनवला, वेगासाठी रस्ता मागून घेतला. पण वेग सांभाळायला कोणालाही शिकवलं नाही. हा हलगर्जीपणा आहे आणि त्याची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाचं तरी घर मोजतं.

ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन १५१ मर्सिडीज एकदम घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. देशभर बातम्या झाल्या, आपली छाती फुगली. शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या, पुढे ऑडीही आली. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला आणि सावंगीच्या, माळीवाड्याच्या इंटरचेंजवरून कारला ताशी १२० किलोमीटरची कायदेशीर मुभा मिळाली. गाडी आली, रस्ता आला, पैसा तर होताच. स्टिअरिंगमागच्या माणसाचं शिक्षण मात्र आरटीओच्या मैदानावरच्या आठच्या आकड्यापाशीच थांबलं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे हलकं वाहन शिकताना प्रत्यक्ष चालवणं किमान १० तास व्हायला हवं. ते कुठे होतं? सिडकोच्या गल्ल्यांत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. त्यात ताशी ८० वरून पूर्ण जोराने ब्रेक दाबून गाडी सरळ कशी ठेवायची हे कोणी शिकवत नाही. तेवढ्या भांडवलावर माणूस दोनशे अश्वशक्तीची गाडी घेतो, बंपरला हार घालतो, नारळ फोडतो आणि समृद्धीवर चढतो.

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदुरच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर मी प्रशिक्षकाला शेजारी बसवून शिकलो. तिथला धडा अॅक्सिलरेटरपासून सुरूच होत नाही. आधी बसणं: कंबर सीटला टेकलेली, ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला, खांदे सीटला लावूनही मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल इतकं अंतर. मग नजर: बॉनेटसमोर नाही, वळण जिथे सुटतं तिथे. मग ब्रेक: गाडी सरळ असतानाच जोराने दाबायचा, वेग उतरवायचा आणि मगच वळायचं. टायरची पकड मर्यादित असते. ती सगळी ब्रेकमध्ये खर्च केली तर वळायला काही उरत नाही. वळणाच्या मध्यावर घाबरून पाय उचलला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीची शेपूट सुटते. एबीएस लागला की पेडल पायाखाली थरथरतं; ज्याला हे कधी कोणी सांगितलं नाही, तो दचकून नेमका त्याच क्षणी पाय सैल करतो.

कुस्ती तालमीत शिकतात, वस्तादाच्या नजरेखाली, मऊ मातीवर. चौकात शिकत नाहीत, कारण चौकात पडणाऱ्याला खाली फरशी असते. आपण मात्र मोटारीचा वेग चौकातच शिकायला सोडला आहे.

आता साधं गणित करा. कोरड्या, चांगल्या डांबरावर ताशी ६० ने जाणारी कार ब्रेक लागल्यापासून साधारण १८ मीटरमध्ये थांबते. १२० ने जाणारीला ७० मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्याआधी धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात ३३ मीटर गेलेले असतात. म्हणजे शंभरावर मीटर. समृद्धीवर पुढच्या गाडीला ३० मीटरवर चिकटून डिपर मारणाऱ्याला हा आकडा माहीत नसतो, आणि माहीत असूनही तो तसंच करत असेल तर तो गुन्हेगार आहे. याच महामार्गावर जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले, ऑक्टोबरमध्ये वैजापूरजवळ १२ जण. प्रत्येक अपघाताचं कारण वेगळं, पण या वेगात चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही, हे सगळीकडे सारखं.

बीड बायपासवर रात्री शर्यती लावणारी पोरं स्वतःला शूर समजतात. त्यात शौर्य नाही. समोरून दुचाकीवर येणाऱ्या कामगाराच्या जिवावर खेळलेला तो जुगार आहे. आणि त्यांच्या हाती किल्ली देणारे बाप त्यांच्याहून दोषी आहेत. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या आलिशान गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले, आणि सुरुवातीच्या जामिनात त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यात पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही तरतूद किल्ली देण्याआधी आठवत का नाही?

यावर ठरलेला आक्षेप येतो: ट्रॅकवर शिकवलं की पोरं रस्त्यावर आणखी सुटतील. आक्षेप पोकळ नाही. नॉर्वेत घसरड्या रस्त्यावरच्या प्रशिक्षणानंतर तरुण मुलांचे अपघात वाढल्याचं आढळलं होतं. कसब शिकवलं आणि त्यासोबत फाजील आत्मविश्वासही दिला गेला. म्हणून शिकवणं बंद करायचं नसतं, काय शिकवायचं ते बदलायचं असतं. चांगला प्रशिक्षक ओल्या डांबरावर मुद्दाम गाडी घसरू देतो आणि आपला ताबा किती लवकर संपतो हे दाखवतो. ते एकदा हाडात शिरलं की समृद्धीवर पुढच्या गाडीपासूनचं अंतर आपोआप वाढतं.

श्रीपेरुंबुदुर, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडा हे ट्रॅक आपल्याला लांब आहेत. कोल्हापूरने कार्टिंगचा ट्रॅक उभारला, राष्ट्रीय स्पर्धा भरवल्या. मग ऑरिक या औद्योगिक नगरीसाठी शेंद्रा-बिडकीनला सुमारे दहा हजार एकरांचा आराखडा आखणाऱ्यांना पाणी सोडता येईल असं डांबरी मैदान आणि एक छोटा बंदिस्त ट्रॅक सुचू नये? त्यासाठी फॉर्म्युला वन नको, प्रेक्षागृह नको. महामार्गाचा टोल घेणाऱ्यांनी आणि इथे गाड्या बनवून नफा कमावणाऱ्यांनी मिळून पैसे द्यावेत. मोठ्या ताकदीची गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षकाशेजारी एक दिवस सक्तीचा करावा.

हे होईपर्यंत ज्याला वेगाची खरी ओढ आहे, त्याने तिकीट काढून चेन्नई गाठावी, हेल्मेट घालावं आणि शेजारी बसलेल्या माणसाचं निमूट ऐकावं. ज्याला तेवढं जमत नाही, त्याने जालना रोडवर कोणालाही मर्दुमकी दाखवू नये.