आईचं ‘काही नाही गं’

ऐन मीटिंगमध्ये आईचा फोन. ‘काही नाही गं, रिपोर्ट आलाय. वेळ मिळाला तर बघ.’ आईचं ‘काही नाही’ म्हणजे नक्की काहीतरी असतं, हे एव्हाना मला पाठ झालंय.

संध्याकाळी फाइल उघडली. ‘एंडोमेट्रियम ९ मिमी, जाड.’ म्हणजे गर्भाशयाच्या आतलं अस्तर. सोनोग्राफी कशाला केलीस, विचारलं तर म्हणाली, ‘अधूनमधून अंगावर लाल जात होतं. दोन महिने. या वयात कुणाला सांगायचं?’ पाळी जाऊन तिला सहा वर्षं झाली होती!

रात्री नेटवर नको नको ते वाचून दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकला आणि दोघी डॉक्टरांकडे. ‘पण गेल्या वर्षीची पॅप टेस्ट नॉर्मल होती,’ मी हटकलं. त्या हसल्या. पॅप टेस्ट गर्भाशयाच्या तोंडाची, आतल्या अस्तराची नव्हे!

मग त्यांनी नीट समजावलं. पाळी जाऊन वर्ष झालं की नंतर एक डाग दिसला तरी तपासायचं. असा रक्तस्राव असताना अस्तर ४ मिमी किंवा कमी भरलं, तर कॅन्सरची शक्यता फारच कमी. जास्त भरलं, तर अस्तराचा छोटा तुकडा काढून बायोप्सी. जाड म्हणजे कॅन्सर, असं मुळीच नाही. असा रक्तस्राव होणाऱ्या दहाजणींपैकी साधारण एकीलाच कॅन्सर निघतो. पण अस्तराचा कॅन्सर झालेल्या दहापैकी नऊजणींना हा रक्तस्राव झालेला असतो. म्हणून घाबरायचं नाही आणि लपवायचं तर अजिबात नाही. लवकर सापडला, तर बहुतेकदा बरा होतो.

बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघताना आई शांतपणे मटार सोलत होती. मी मात्र दर पाच मिनिटांनी मोबाइल बघत होते. शेवटी निघाला साधा पॉलिप. काढून टाकला.

तरी ते दोन महिने मला अजून टोचतात. आईचं फोनचं बिल मी भरते, तिला ऑनलाइन साड्या मागवून देते. पण ‘तब्येत कशी आहे?’ याच्या पुढचा प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

या वीकेंडला तुम्ही विचारा. मुलग्यांनो, तुम्हीसुद्धा. ती ‘काही नाही’ म्हणाली, तर पुन्हा विचारा.