कोजागरीची एक रात्र आणि उरलेले दिवस

आश्विन लागला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, यंदा कोजागरीचे औषध घेऊ का?" विचारणारे बहुधा सत्तरीच्या आसपासचे असतात. सोबत आलेली सून किंवा लेक माझ्याकडे पाहत असते. तिला माझ्या तोंडून 'नको' हा शब्द ऐकायचा असतो. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शरद पौर्णिमेच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध दिले जाते. लांबलांबून माणसे येतात, पंगतीत बसतात, पथ्य समजून घेतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचे ठरवून परततात.

पूर्वी मी 'नको' म्हणून विषय संपवीत असे. आता तसे करीत नाही. त्याला कारण नालासोपाऱ्याच्या एक आजी.

आजींना दमा होता आणि दोन वर्षे त्या माझ्याकडे येत होत्या. रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा पंप मी त्यांना लिहून दिला होता आणि प्रत्येक भेटीत विचारीत होते, "पंप घेता ना?" त्या मान डोलवीत. त्या वर्षी त्यांनी कोजागरीचे औषध घेतले आणि पंप पूर्ण बंद केला. दिवाळीत फटाक्यांच्या धुराने भरलेल्या एका पहाटे नातू त्यांना रिक्षात घालून घेऊन आला. त्यांना एक वाक्यही सलग बोलता येत नव्हते. रुग्णालयात चार दिवस काढून त्या सुखरूप घरी आल्या, हे आमचे भाग्य.

पुढच्या भेटीत मी प्रथमच म्हटले, "आजी, पंप कसा घेता ते दाखवा." त्यांनी तोंड उघडले, पंप दाबला, तोंड मिटले आणि मग नाकाने श्वास घेतला. औषध जिभेवरच राहत होते. फुप्फुसांपर्यंत ते दोन वर्षांत क्वचितच पोहोचले असेल. शिवाय घरी तो पंप कपाटात साड्यांखाली लपवलेला असे. पंपाची सवय लागते, लोक नावे ठेवतात, या भीतीने त्यांनी तो सुनेलाही दाखवला नव्हता. खिरीने गुण आला नाही, हे खरे. पण माझ्या चिठ्ठीनेही तो आला नव्हता. मी औषध लिहिले, मात्र ते घेताना एकदाही पाहिले नाही. ही चूक माझी होती.

दवाखान्याच्या भिंतीबाहेर

जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१९च्या अंदाजानुसार जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंमध्ये मात्र आपला वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. औषधे उपलब्ध असतानाही हे अंतर का पडावे? रोग उशिरा ओळखला जातो, रोजच्या पंपाऐवजी खोकल्याच्या बाटल्या आणि गोळ्यांवर वेळ निभावली जाते आणि पंप मिळाला तरी तो नीट घेतला जात नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०११मध्ये देशभरातील ८८० शहरे व गावांत एकाच दिवशी दोन लाखांहून अधिक रुग्णांची पाहणी केली. डॉक्टरांकडे आलेल्यांपैकी निम्म्यांहून अधिक जणांना श्वसनाची काही ना काही तक्रार होती. म्हणजे हा आजार आमच्यासारख्या साध्या दवाखान्यांच्या दारात रोज उभा असतो. परंतु पाच मिनिटांच्या भेटीत तो आवरत नाही.

आपल्या वसई-विरारमध्ये आणखी एक अडचण आहे. चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे एकत्र करून २००९मध्ये महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर होती आणि त्यानंतर वस्ती वाढतच गेली. घरातील कमावती माणसे पहाटेच्या लोकलने निघतात ती रात्री परततात. मधल्या काळात आजी-आजोबा घरात एकटे असतात. त्यांना धाप लागली तर सर्वात आधी पोहोचणारा माणूस डॉक्टर नसतो, मुलगाही नसतो. तो शेजारी असतो. म्हणूनच दम्याच्या उपचारात शेजार, चाळ, सोसायटी, देवळाचा सभामंडप आणि चर्चचे सभागृह यांना जागा द्यावी लागते.

खिरीकडून काय घ्यावे

कोजागरीच्या औषधाने दमा बरा होतो, याला शास्त्रीय आधार नाही. वाटीभर खिरीने सहसा अपाय होत नाही (मधुमेहींनी मात्र साखर लक्षात घ्यावी). खरा धोका त्यासाठी नेहमीचा पंप बंद करण्यात आहे. दुसरा धोका निनावी पुड्यांचा. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

तरीही त्या प्रथेत काही गोष्टी आम्हा डॉक्टरांपेक्षा बरोबर साधल्या आहेत. दिवस ठरलेला आहे आणि तो कुणी विसरत नाही. तिथे दमा लपवावा लागत नाही, कारण पंगतीत शेजारी बसलेल्यालाही तोच आजार असतो. पुढच्या वर्षी परत बोलावणारे कुणीतरी असते. उणीव एवढीच, की दमा वर्षभराचा आणि भेट एका रात्रीची. आपल्याकडील बहुतेक आरोग्य शिबिरांचीही हीच गत आहे. फलक लागतो, तपासणी होते, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून रुग्ण पुन्हा एकटा.

आजींच्या त्या दुखण्यानंतर परिसरातील काही ज्येष्ठांना बरोबर घेऊन आम्ही महिन्यातून एक रविवार सकाळ ठरवली. नियम एकच: आपला पंप घेऊन यायचे आणि सर्वांसमोर घेऊन दाखवायचा. पहिल्या दिवशी बरोबर करणारे अगदी थोडे निघाले. एक आजोबा यंत्रात घालून ओढायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. एका काकूंचा पंप केव्हाच रिकामा झाला होता आणि त्या रोज इमाने नुसती हवा घेत होत्या. हसण्यासारखे काही नव्हते. कुणी त्यांना शिकवलेच नव्हते. पावसाळ्यात उपस्थिती रोडावली तेव्हा न येणाऱ्यांना दूरध्वनी करण्याचे काम एका निवृत्त शिक्षिकेने स्वतःकडे घेतले. त्यांची वही हाच आमच्या उपक्रमाचा कणा आहे, असे मी मानते.

असा उपक्रम आपल्याकडे उभा करायचा तर

पहिली गरज ठरलेल्या दिवसाची आणि जागेची. दुसरी, वही सांभाळणाऱ्या एका माणसाची. तो डॉक्टर नसला तरी चालेल. तिसरी गरज औषधविक्रेत्याची. फिनलंडने १९९४मध्ये दम्यासाठी दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्यात कौटुंबिक डॉक्टर व परिचारिकांबरोबर बहुसंख्य औषधालयांतील एकेका व्यक्तीला प्रशिक्षण दिले गेले. त्या दशकात तेथे दम्यामुळे रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून कमी झाले. आपल्या नाक्यावरचा औषधविक्रेता पंप हातात देताना दोन मिनिटे तो कसा घ्यायचा हे दाखवू लागला, तर तोही केवढा आधार होईल!

चौथी गरज आशा ताईंची. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आता दम्याचाही समावेश आहे. तिशीपुढील व्यक्तींसाठी आशा ताई जो तक्ता भरतात, त्यात धाप, खोकला आणि स्वयंपाकाचे इंधन यांविषयी प्रश्न असतात. त्या दारी आल्या की "मला काही नाही" असे म्हणून त्यांना परत पाठवू नका. औषधाचा खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

आणि निदान पक्के करून घ्यावे. उतारवयात धाप म्हणजे दमाच असे नाही. हृदयाचा अशक्तपणा, रक्ताची कमतरता, धुरामुळे किंवा विडी-सिगारेटमुळे जडलेला फुप्फुसांचा जुना विकार यांतही धाप लागते. फुंकर मारून करायची स्पायरोमेट्री एकदा अवश्य करावी. डॉक्टरांना आपली सर्व औषधे दाखवावीत, डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा. काचबिंदूसाठी वापरले जाणारे टिमोलॉलचे थेंब आणि काहींच्या बाबतीत अॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या दमा उसळवू शकतात.

भेटीच्या दिवशी काय पाहावे

एकमेकांना चार प्रश्न विचारावेत. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदांहून अधिक झाला का? रात्री दम्याने जाग आली का? तात्काळ आरामाचा पंप आठवड्यातून दोनदांहून अधिक लागला का? दम्यामुळे चालणे, जिना चढणे, घरकाम कमी करावे लागले का? एकाही प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल तर दमा पुरता आटोक्यात नाही, डॉक्टरांना भेटावे.

पंप दोन प्रकारचे असतात, हे सर्वांना ठाऊक हवे. एक लगेच आराम देतो. दुसरा श्वासनलिकांची सूज कमी करतो आणि तो बरे वाटत असतानाही घ्यायचा असतो. केवळ आरामाच्या पंपावर दिवस काढणे धोक्याचे, असे जागतिक दमा मार्गदर्शिका २०१९पासून स्पष्टपणे सांगते. वर्षात आरामाचे तीन किंवा अधिक पंप संपत असतील, तर ती इशाऱ्याची घंटा समजावी. रंगावर विसंबू नये, नाव वाचावे. पंपाचे 'व्यसन' लागत नाही. त्यातील स्टेरॉइडची मात्रा गोळ्यांच्या मानाने फार अल्प असते. घेतल्यावर चूळ भरून टाकावी, म्हणजे तोंड येत नाही.

दाबायचा पंप आधी हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटावेत, हळू आणि खोल श्वास घेऊ लागताच पंप दाबावा आणि दहा सेकंद श्वास रोखावा. कॅप्सूलचे यंत्र मात्र जोराने आणि झटक्यात ओढायचे असते. अनेकांची गल्लत इथेच होते. संधिवाताने बोटे आखडली असतील किंवा वेळ साधत नसेल तर स्पेसर मागून घ्यावा. त्याने काम पुष्कळ सोपे होते.

हवा आपली, जबाबदारीही आपली

पंप कितीही नीट घेतला, तरी शेजारच्याने पाचोळा पेटवला तर उपयोग उणावतो. पावसाळा सरताना आपल्याकडील भिंतींना ओल आणि बुरशी असते, महामार्गालगत धूळ असते, इमारतींच्या सज्जांत कबुतरांची विष्ठा साठते, घरात धूप, उदबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूर असतो. एकट्या रुग्णाला यातले फारसे काही बदलता येत नाही. सोसायटीला येते: कचरा न जाळण्याचा ठराव, सज्जांना जाळी, गच्चीच्या गळतीची दुरुस्ती, फटाक्यांसाठी घरांपासून दूरची जागा. हरित वसईसाठी ज्या भूमीतील माणसे एकत्र आली, त्यांना हे नवे नाही.

प्रत्येक मजल्यावर एकाला तरी पुढील गोष्ट ठाऊक असावी. दम्याचा जोराचा झटका आला की रुग्णाला बसते करावे, आडवे निजवू नये. धीर द्यावा. आरामाचा पंप स्पेसरमधून एका वेळी एकदा दाबून चार-पाच श्वास घेऊ द्यावेत आणि असे चार वेळा करावे. चार मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा तेच करावे आणि १०८ला दूरध्वनी करावा. बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा रुग्णाला गुंगी येत असेल, तर वाट न पाहता प्रथम १०८. 

त्या आजी आता दर महिन्याला येतात आणि नव्या माणसाला पंप घेऊन दाखवण्याचे काम त्यांनी स्वतः मागून घेतले आहे. पंप आता साड्यांखाली नसतो. तो देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, सर्वांना दिसेल असा असतो. गेल्या कोजागरीला त्या खीर प्यायल्या. पण त्याआधी संध्याकाळचा पंप घेऊन, चूळ भरून.

'को जागर्ति', कोण जागे आहे, असे विचारीत लक्ष्मी त्या रात्री फिरते, अशी आपली श्रद्धा. दम्याचा रुग्ण तर वर्षातील कितीतरी रात्री पहाटेपर्यंत उशीला टेकून जागाच असतो. त्याला निवांत झोप लागावी म्हणून शेजारचे कुणीतरी महिन्यातून एक सकाळ जागे राहिले, तर पुरेसे आहे. यंदाच्या कोजागरीला आपल्या इमारतीच्या गच्चीवर दूध आटवायला जमाल, तेव्हा तेवढा एक दिवस ठरवून टाका आणि वही कोण सांभाळणार, हेही.