वाढीव खोलीचें अंदाजपत्रक आणि गवंड्याशीं करार

नाशिक जिल्ह्यांतील कोणत्याही बागायती गांवांतून फेरी मारली असतां एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. जुन्या घराच्या अंगाला लिंटेलपर्यंत चढलेल्या विटांच्या भिंती, त्यांवर उघडें आभाळ, कोपऱ्यांतून वर आलेल्या गंजक्या सळया आणि आंत कडब्याच्या पेंढ्या. मालकास कारण विचारावें तर उत्तर ठरलेलें असतें: "गवंडी पळाला." हें उत्तर पुष्कळदां अर्धेंच खरें असतें. आमचें मत असें आहे कीं, अशीं बहुतेक कामें गवंड्यामुळें नव्हे, तर उभ्या पिकाच्या भरंवशावर पाया खणल्यामुळें अडतात. पैसा थांबतो, मग काम थांबतें, आणि काम थांबल्यावर गवंडी जातो.

कांद्याचा दाखला फार जुना नाहीं. २०२३ च्या ऑगस्टमध्यें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलें. पुढें ८ डिसेंबर २०२३ रोजीं निर्यातच बंद झाली व ती बंदी ४ मे २०२४ रोजीं उठली. दिवाळीच्या सुमारास लासलगांवचा तेजीचा भाव पाहून ज्यानें जोतें घातलें, त्याच्या हातीं भिंती चढवावयाच्या वेळीं काय उरलें असेल, हें वाचकांस सांगावयास नको. द्राक्षांचें उत्पन्न त्याहून नाजूक. माल उतरण्याच्या ऐन वेळीं पाऊस किंवा गारा, आणि त्यांतूनही माल वांचला तर व्यापाऱ्याचा न वटलेला चेक! तेव्हां खोलीचें अंदाजपत्रक मांडतांना जमेच्या बाजूला हातांत आलेला पैसा तेवढाच धरावा. शेतांत उभा असलेला धरूं नये. पीककर्जाची रक्कम तर विटांत मुळींच घालूं नये. तें कर्ज मुदतींत फेडलें म्हणजे तीन लाखांपर्यंत व्याजाची सवलत मिळते. ती गमावून बांधलेली खोली वाटते त्याहून महाग पडते.

पैसा थोडा असेल तर थांबावयाचें कोठें, हें आधींच ठरवावें. जोत्यापर्यंत काम करून एक पावसाळा जाऊं देणें ही जुनी रीत होय, आणि काळ्या जमिनींत ती शहाणपणाची आहे. भराव दबावयाचा तो दबून जातो. लिंटेलला थांबणें मात्र वाईट. भिंतींचे माथे पावसांत भिजत राहतात, सळया गंजतात आणि दुसऱ्या वर्षीं आलेला गवंडी आधींच्याच्या कामाला नांवें ठेवून नवा दर सांगतो.

आतां हिशेबाकडे वळूं. दर येथें मुद्दाम देत नाहीं, कारण ते महिन्यागणिक बदलतात. परिमाण मात्र बदलत नाहीं, आणि तें ज्याच्या वहींत आहे त्याला फसविणें कठीण असतें. आंतून १२ फूट रुंद व १५ फूट लांब अशी एक खोली घ्या. नऊ इंची चार भिंती, उंची १० फूट, एक दार व दोन खिडक्या. दार-खिडक्यांची जागा वजा जातां भिंतींचें काम सुमारे ३९० घनफूट, म्हणजे चार ब्रासला किंचित् कमी भरतें. नऊ-चार-तीन इंची वीट एका ब्रासला सुमारे १४०० लागते. तेव्हां मोडतोड धरून ५७०० विटा झाल्या. वरचा स्लॅब पांच इंची धरला तर काँक्रीट सुमारे ९३ घनफूट, आणि एकास दीड व तीन या मिश्रणानें त्यास सिमेंटच्या २१ गोण्या लागतात. पाया, गिलावा व फरशी यांचा हिशेब निराळा. पण एवढ्या दोन आंकड्यांनींही पुष्कळ काम होतें. कोणी भिंतींसाठीं आठ हजार विटा मागूं लागला तर कारण विचारतां येतें.

याच खोलीवर दुसरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आंतलें माप १८० चौरस फूट. तेंच भिंतींच्या बाहेरून घेतलें तर सुमारे २२३ चौरस फूट भरतें. म्हणजे चौरस फुटाचा दर तोच असून केवळ टेप आंत धरला कीं बाहेर, यावर जवळजवळ चौथाई रकमेचा फरक पडतो. मालकाच्या मनांत आंतलें माप असतें, ठेकेदाराच्या मनांत बाहेरचें. दोघेही आपापल्या परीनें प्रामाणिक असतात आणि भांडण शेवटच्या हप्त्याला होतें. छज्जा मोजावयाचा कीं नाहीं, गिलावा दोन्ही बाजूंचा कीं आंतलाच, सेंट्रिंगच्या प्लेटी कोणाच्या, ओटा व पायऱ्या दरांत धरल्या आहेत कीं नाहींत, हेंही त्याच वेळीं बोलून घ्यावें.

मालासकट ठेका द्यावा कीं माल आपला ठेवून मजुरीचाच द्यावा, हा खरा वादाचा मुद्दा आहे. ज्यांस छाटणी-फवारणींतून मान वर करावयास सवड नाहीं ते म्हणतात कीं, एकदां रक्कम ठरवून मोकळें व्हावें. त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. वस्तीवरच्या उघड्या जागेंत पडलेली सळई रात्रींतून कमी होते, हें आम्हांस ठाऊक आहे. तरीही छोट्या कामाला मालासकट ठेका देऊं नये असेंच आम्ही म्हणूं. अशा ठेक्यांत दर वाढला कीं ठेकेदार हात वर करतो, आणि उतरला तर गप्प राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मूळ किंमत तीच राहिली असें धरलें तर १२८ रुपयांचा माल ११८ रुपयांस झाला. त्यापूर्वीं मालासकट ठरलेल्या किती ठेक्यांत हा फरक मालकाच्या पदरीं पडला असेल? शिवाय भिंतींत गेलेलें सिमेंट मागाहून मोजतां येत नाहीं. सिमेंट, सळई, विटा, वाळू व खडी हा माल आपण घ्यावा, किरकोळ सामान गवंड्यावर सोपवावें आणि मजुरी मापानें द्यावी.

वाळू घेतांना ट्रॉलीची लांबी, रुंदी व आंतली खोली फुटांत मोजून गुणाकार करावा व त्यास १०० नें भागावें, म्हणजे ब्रास निघतात. ओली वाळू फुगलेली असते, हें विसरूं नये. मूठभर वाळू कांचेच्या पेल्यांत पाण्याबरोबर ढवळून ठेवली तर तासाभरांत गाळाचा थर निराळा दिसतो. थर जाड असेल तर गाडी परत करावी. घरांत रोज शेकडों कॅरेट मोजून घेणारे लोक वाळूच्या गाडीकडे मात्र नुसती मान डोलावून पाहतात, याचें नवल वाटतें.

गवंड्याची बाजूही पाहिली पाहिजे. तो एकदम तीन ठिकाणीं काम धरतो व कोठेंच वेळेवर येत नाहीं, ही तक्रार सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु तीन मालकांपैकीं दोघे "माल विकला कीं देतों" म्हणणारे असतील तर त्यानें बिगाऱ्यांना आठवड्याच्या बाजाराला काय द्यावें? जो मालक शनिवारीं न चुकतां झालेल्या कामाचे पैसे देतो त्याच्याकडे गवंडी सोमवारीं येतो. उलट भली मोठी उचल देणें हाही मूर्खपणाच. उचल आठवड्याच्या मजुरीहून अधिक नसावी, आणि ती पुढच्या दोन आठवड्यांत वळती व्हावी. सिंहस्थासारखीं कामें शहरांत निघालीं म्हणजे चांगले कारागीर तिकडे ओढले जाणारच. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ चा असल्यामुळें ज्यांस घाई नाहीं त्यांनीं हें ध्यानांत ठेवून आपला हंगाम निवडावा. गवंडी निवडतांना त्यानें गेल्या वर्षीं बांधलेलें नव्हे, चार पावसाळे खाल्लेलें काम पाहावें; आणि पाहावयाचा तो रंग नव्हे, तर कोपऱ्यांतील ओल आणि खिडकीवरची तडा.

तडेवरून आठवलें. जोडखोलीचा मुख्य दोष जोडांतच असतो. जुनें घर बसून गेलेलें असतें, नवें अजून बसावयाचें असतें. त्यांत काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. नवी भिंत जुन्या मातीच्या भिंतींत दांते घालून गुंफली तर दोन-तीन वर्षांत तडा ठरलेली. पाया मुरमापर्यंत न्यावा, नव्या खोलीस स्वतःच्या चार भिंती द्याव्या, दोन्हींत इंचभर फट ठेवून ती वरून पत्र्यानें झांकावी, आणि जुन्या छपराचें पाणी नव्या स्लॅबवर येऊं देऊं नये. जुन्या भिंतीवर स्लॅब टेकवून एका भिंतीचा खर्च वांचविण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. त्यांनीं ३० सप्टेंबर १९९३ चें किल्लारी आठवावें. तेथें मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचीं जड छपरें यांखालींच माणसें गाडलीं गेलीं.

परवानगीबद्दल थोडक्यांत. गांवठाणांतील घर असो वा मळ्यांतील, बांधकामास कोणाची मंजुरी लागते हें पाया खणण्यापूर्वीं ग्रामपंचायतींत विचारून लेखी घ्यावें. ड्रोन मोजणीनंतर स्वामित्व योजनेखालीं मिळकतपत्रिका मिळाली असेल तर तिच्यांतली हद्द आपल्या वहिवाटीशीं जुळते कीं नाहीं हेंही पाहावें. भावकींतला वाद भिंत उभी राहिल्यावर अधिक महाग पडतो.

करार साध्या कागदावर चालेल, पण असावा. माप कोठून धरावयाचें, दरांत काय येतें, पाणी मारण्याचें काम कोणाचें, आणि पैसे कोणत्या टप्प्याला किती, एवढें त्यांत लिहावें. पाणी मारणें मालकानें स्वतःकडेच घ्यावें. मोटार त्याची आहे, आणि स्लॅब १४ दिवस ओला ठेवण्यांत त्याच्याइतका स्वार्थ दुसऱ्या कोणाचा नाहीं. टप्पे जोतें, लिंटेल, स्लॅब व गिलावा असे धरून प्रत्येक टप्प्याची मजुरी तो पुरा झाल्यावर त्याच आठवड्यांत चुकती करावी. दरम्यान शनिवारीं दिलेली रक्कम त्यांतून वजा होईल. एकूण मजुरीचा दहावा हिस्सा मात्र पहिला पावसाळा जाईपर्यंत मालकाकडे राहील, असें दोघांच्या सहीनें आधींच लिहून ठेवावें. पोळ्याच्या सुमारास गवंड्यास बोलावून छताचा प्रत्येक कोपरा त्याच्यासमवेत पाहावा, गळत असेल तें त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यावें, आणि ती रक्कम त्याच दिवशीं त्याच्या हातीं द्यावी.