थीसिस झाला, पॅथॉलॉजिस्ट कुठे आहे?

विम्याची म्हैस मेली की शेतकऱ्याचा सगळा जीव शवविच्छेदनाच्या अहवालावर टांगलेला असतो. असे अहवाल मी ढिगाने वाचले आहेत. त्यातल्या बहुतेकांच्या तळाशी एकच वाक्य असतं : 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू.' मरताना प्रत्येकाचंच हृदय बंद पडतं. ते कशाने बंद पडलं, हे शोधायला तर जनावर फाडलं होतं! त्या वाक्यावर क्लेम निघतो, फाइल बंद होते आणि त्याच गोठ्यातल्या उरलेल्या चार म्हशी कशाच्या तोंडी आहेत, हे कोणालाच कळत नाही.

याचं खापर दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यावर फोडायला मी तयार नाही. तो एकटा असतो, भर उन्हात बांधावर उभा असतो, कवटी उघडायला त्याच्याकडे करवत नसते आणि जनावर रात्रीच फुगलेलं असतं. माझा राग त्याला शिकवणाऱ्यांवर आहे, आणि त्याहून जास्त, त्या शिकवणाऱ्यांना घडवणाऱ्या पदव्युत्तर शिक्षणावर आहे. पशुविकृतिशास्त्राचे आपले विभाग पॅथॉलॉजिस्ट घडवत नाहीत. ते थीसिस बाहेर काढतात.

एमव्हीएस्सी ही पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची. पहिले काही महिने वर्गातल्या विषयांत जातात, मग सिनॉप्सिस, मग प्रयोग. प्रयोगाचा साचा सगळ्यांना तोंडपाठ आहे. शिसं, कॅडमियम नाहीतर अफ्लाटॉक्सिन द्यायचं, त्यावर उतारा म्हणून अश्वगंधा, हळद किंवा शतावरी द्यायची, आणि हे सगळं करायचं विस्टार उंदरांवर किंवा ब्रॉयलर कोंबड्यांवर. निकाल काय येणार ते पहिल्या दिवशीच ठाऊक असतं : विषाने यकृत बिघडलं, वनस्पतीने ते थोडं सावरलं. विद्यार्थी दीड वर्ष त्याच उंदराचं तेच यकृत बघतो. म्हशीचं फुप्फुस, घोड्याचा मज्जारज्जू, कुत्र्याच्या कातडीवरची गाठ, बकरीचा गर्भपात झालेला गर्भ हे त्याच्या डोळ्यांखालून जातं की नाही, याची नोंद कुठेही ठेवली जात नाही. एका मुलाने मला सांगितलं होतं, "सर, पीएमला गाय आली होती, पण ब्लॉक कापायचे राहिले होते, म्हणून गेलो नाही." पॅथॉलॉजीचा विद्यार्थी मेलेल्या गाईकडे गेला नाही, कारण त्याला उंदराचं यकृत कापायचं होतं. मी त्याला दोष दिला नाही. त्याच्या गाइडने त्याला हेच शिकवलं होतं.

माझ्या स्वतःच्या वायव्हात माझ्यापुढे एकही अनोळखी स्लाइड ठेवली गेली नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थीसिस चाळला, संदर्भसूचीतल्या चुका काढल्या, चहा झाला आणि मी विकृतिशास्त्रातला पदव्युत्तर झालो.

आता मुंबईत परळला या. केईएम रुग्णालयात एमडी पॅथॉलॉजीचा विद्यार्थी तीन वर्षं रेसिडेंट असतो. थीसिस त्यालाही लिहावा लागतो, पण तो तेवढ्यावर सुटत नाही. रोज येणारे नमुने त्याला बघावे लागतात, सीनियरसमोर निदान मांडावं लागतं, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत अनोळखी स्लाइडी वाचून दाखवाव्या लागतात. याच परळमध्ये १८८६ सालापासून पशुवैद्यकाचं महाविद्यालय आहे. माणसाच्या पॅथॉलॉजिस्टला तीन वर्षं, तीही एकाच प्रजातीसाठी. जनावरांच्या पॅथॉलॉजिस्टला गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर, कोंबडी, घोडा आणि वेळ आली तर बिबट्यासुद्धा, आणि त्यासाठी दोन वर्षं, त्यातलं बहुतेक उंदरांत गेलेलं. ही तफावत ज्यांना खुपत नाही त्यांनी अभ्यासक्रमाच्या समितीवर बसू नये.

अमेरिकेत पशुवैद्यक पॅथॉलॉजिस्टांचं कॉलेज १९४९ साली स्थापन झालं. तिथे रेसिडेन्सी साधारण तीन वर्षांची असते. शवविच्छेदनाच्या ओट्यावर पाळी लागते, सकाळी कापलेलं जनावर सगळ्यांसमोर मांडून चर्चा होते, अहवाल सीनियर तपासतो आणि शेवटी कॉलेजची कठोर परीक्षा असते. संशोधन आणि पीएचडी त्याला जोडून किंवा त्यानंतर होते, पण रोगनिदानाचं शिक्षण तिच्या पोटात बुडवलं जात नाही. लगेच उत्तर येतं की त्यांच्याकडे पैसा आहे. आहेच. पण सीनियरने शेजारी बसून स्लाइड वाचायला पैसा लागत नाही, त्याला रोज तासभर खुर्चीत बसावं लागतं. तिथल्या जॉइंट पॅथॉलॉजी सेंटरची 'वेन्सडे स्लाइड कॉन्फरन्स' इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. आपली हुशार मुलं होस्टेलवर मोबाइलवर ती वाचतात, आणि सकाळी विचारायला विभागात कोणी नसतं.

भारतातही पशुविकृतिशास्त्रज्ञांचं कॉलेज आहे, परीक्षा घेऊन ते डिप्लोमेट ठरवतं. चांगली गोष्ट आहे. पण ती परीक्षा ऐच्छिक आहे. ती न देता प्राध्यापक होता येतं आणि दुसऱ्यांना पॅथॉलॉजिस्ट करता येतं.

शिकवलंच नाही की काय होतं, ते टपालाने आलेल्या बाटलीत दिसतं. बाटली अरुंद तोंडाची. आत अख्खं मूत्रपिंड कोंबलेलं, फॉर्मलिन जेमतेम बोटभर. मऊ असताना ते आत गेलं, कडक झाल्यावर बाहेर निघत नाही. बाटली फोडावी लागते. कापलं की कडा राखाडी आणि घट्ट, मधला भाग लाल आणि कुजका. फॉर्मलिन तिथवर पोहोचलंच नाही. अर्धा सेंटिमीटर जाडीचे तुकडे आणि त्यांच्या दसपट फॉर्मलिन, एवढं माहीत असतं तर निदान झालं असतं. हे मूत्रपिंड पाठवणाऱ्याकडे पदव्युत्तर पदवी होती. त्या पदवीच्या थीसिसमध्ये उंदराच्या यकृताचे सुरेख रंगीत फोटो असतील, याची मला खात्री आहे.

डोळा तयार असला की काय होतं तेही सांगतो. भारतीय उपखंडात गिधाडं मरत होती तेव्हा विषाणूपासून कीटकनाशकापर्यंत सगळ्यांवर संशय होता. संशोधक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात ताजी मेलेली गिधाडं उघडली. आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर होता, युरिक ॲसिडचा. मूत्रपिंडं निकामी झाली होती. तिथून माग काढत ते गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकपर्यंत पोहोचले. २००४ साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं आणि २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. सुरुवात झाली ती मेलेला पक्षी कापून, आत काय दिसतंय ते ओळखणाऱ्या माणसांपासून. अशा डोळ्याची गरज आपल्याकडेही आहे. २०१६ साली सिंधुदुर्गात माकडतापाची साथ आली. या रोगात जंगलात माकडं मरू लागली की तो माणसासाठी इशारा असतो. तो इशारा वाचणारा माणूस तालुक्याला हवा, परदेशातून मागवून चालणार नाही.

"जागा रिक्त आहेत," असं मला दरवेळी ऐकवलं जातं. आहेत, आणि ही लाजिरवाणी गोष्ट आहे. सरकारने त्या भरल्याच पाहिजेत. पण ज्या भरलेल्या आहेत तिथल्या लोकांना अनोळखी स्लाइडींचा तास घ्यायला कोणाची मंजुरी लागते? देवनारच्या कत्तलखान्यात अवयवांची रास पडते. तिथे मुलांना आठवड्यातून एकदा नेऊन यकृतातले पर्णकृमी, फुप्फुसातल्या गाठी हातात द्यायला कोणता निधी अडतो? अडतं एकाच गोष्टीवर : बढतीला शोधनिबंध मोजतात, वाचलेल्या केसेस मोजत नाहीत. म्हणून गाइडला उंदीर हवे असतात आणि विद्यार्थी त्याला निबंधासाठी लागणारा कामगार म्हणून हवा असतो. त्याचं तारुण्य हे लोक स्वतःच्या यादीत भर घालण्यासाठी वापरतात. ही लूट आहे, आणि तिला संशोधन म्हणणं थांबवा.

माझी मागणी मोठी नाही. एमव्हीएस्सी पॅथॉलॉजी तीन वर्षांची करा. प्रत्येक विद्यार्थ्याची केसवही ठेवा. प्रत्येक शवविच्छेदनावर त्याची आणि सीनियरची सही हवी, आणि ती वही थीसिसइतकी मोजली जावी. बाहेरचा परीक्षक येतो त्या दिवशी टेबलावर थीसिसशेजारी वेगवेगळ्या जनावरांच्या दहा अनोळखी स्लाइडी ठेवा. ज्याला त्या वाचता येणार नाहीत, त्याचा थीसिस कितीही जाड असो, त्याला पदवी देऊ नका.