दुकानाचा भाडेपट्टा

रेल्वेचें स्थानक आणि बाजार असलेल्या आमच्या घाटनांदुरासारख्या गांवीं वाड्याच्या रस्त्याकडील ओसरीचें दुकान होण्यास फारसा काळ लागत नाहीं. घरांतील वडील बंधु ओळखीच्या व्यापाऱ्यास जागा देतात, अनामत घेतात, भाडें दरमहा घरपोंच येतें. सर्व व्यवहार तोंडी. पुढें ते निवर्ततात, पुतणे वांटणी मागतात, आणि मग अनामत किती होती व मुदत कोणती ठरली होती हें सांगणारा एकटा भाडेकरूच उरतो.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति आणि साक्षी हीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. आपल्याकडे भुक्तीचें, म्हणजे ताब्याचें, भय फार आणि लिखिताची आस्था थोडी. ‘बारा वर्षें झालीं, आतां जागा गेली,’ हें वाक्य पारावर नेहमीं ऐकूं येतें. भाडेकरूच्या बाबतींत तें खरें नव्हे. तो मालकाच्या अनुमतीनें बसलेला असतो. भाडेपट्टा चालू आहे तोंवर नुसत्या ताब्यानें मालकी जात नाहीं. पट्टा संपुष्टांत आल्यावर मात्र ताबा मागण्याची बारा वर्षांची मुदत चालूं लागते. तेव्हां नोटीस देऊन स्वस्थ बसणें हेंच धोक्याचें.

हानि होते ती लिखिताच्या अभावीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीवांचून होत नाहीं. ती टाळण्यासाठींच अकरा महिन्यांच्या कागदाची चाल पडली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला आणि त्याच्या ५५ व्या कलमानें ही पळवाट बुजविली. मुदत कितीही असो, पट्टा असो वा ‘लीव्ह अँड लायसन्स’ असो, करार लेखी व नोंदलेला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती न केल्यास अटींविषयीं भाडेकरू म्हणेल तेंच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. शिवाय मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुद्रांकावर दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या कीं काम झालें, असें मानणाऱ्या सुशिक्षितांचें मला नेहमींच नवल वाटतें.

‘लायसन्स’ या शब्दावरही फार विसंबूं नये. मुदत संपतांच सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा परत मिळविण्याची २४ व्या कलमाची सोय राहत्या घरापुरतीच आहे; दुकानास ती नाहीं.

हा अधिनियम प्रत्येक खेड्यास सरसकट लागू नाहीं. त्याच्या परिशिष्टांतील गांवें आणि जेथें पूर्वीचे भाडेकायदे लागू होते (मराठवाड्यांत हैदराबादचा १९५४ चा) तें क्षेत्र, एवढ्यास तो लागू आहे. म्हणून वकिलाकडे गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा, कारण उत्तराप्रमाणें सर्व चित्र पालटतें. लागू नसेल तेथें नोंदलेला लेख नसल्यास दुकानाचा पट्टा महिन्यामहिन्याचा धरला जातो व पंधरा दिवसांच्या नोटिशीनें संपवितां येतो. लागू असेल तेथें भाडें देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकरूस कायद्यांत सांगितलेल्या कारणांवांचून काढतां येत नाहीं. आणि तो वारल्यास त्याच्यासह त्या जागेंत धंदा करणारा कुटुंबीय, तो नसल्यास वारस, त्याच्या जागीं येतो. एका पिढीनें तोंडी दिलेली जागा पुढील पिढीसही तशीच बांधून राहते.

एकत्र कुटुंबानें कागदावर सह्या कोणाच्या, याचाही विचार करावा. कर्त्यास कुटुंबाच्या गरजेसाठीं वा हितासाठीं पट्टा देतां येतो हें खरें, परंतु दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर सर्व सहदायादांच्या सह्या घेतलेल्या बऱ्या. ९ सप्टेंबर २००५ पासून कन्याही जन्मतः सहदायाद आहे. सासरीं गेली म्हणून तिला वगळूं नये.

घरांतील विधवा भावजयीच्या नांवें दुकान असेल आणि वकिलाच्या फीमुळें दावा अडला असेल, तर १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाचा आधार घ्यावा. स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो. आमच्या तालुक्यापुरती त्यासाठीं अंबाजोगाईच्या न्यायालयांतील तालुका विधि सेवा समितीकडे चौकशी करावी. अर्ज मराठींत चालतो. बरोबर भाड्याच्या पावत्या आणि असेल तो जुना कागद न्यावा.