तंबाखू सोडणाऱ्याला दोष देऊ नका

तंबाखूविरोधी दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेल्या लेखाचा सूर ‘मनावर घेतलं की तंबाखू सुटते’ असा आहे. आरोग्यसेविका म्हणून गावोगाव फिरताना हेच वाक्य ऐकून खाली मान घालणारी माणसे मी पाहिली आहेत, म्हणून हे पत्र.

मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू, सोडलेल्या बाईकडे तिसऱ्या दिवशी जाऊन पाहा. तव्यावर भाकरी करपते, लेकरावर विनाकारण हात उगारला जातो, पोट साफ होत नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. शेवटी घरचेच म्हणतात, ‘लाव बाई एकदाची.’ ती लावते, आणि बोल मात्र तिच्या निश्चयाला लागतो.

पण या त्रासामागे शरीरही असते. मेंदूत राखणीचे काम करणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. तंबाखूतले निकोटिन त्यांना काहीसे शांत ठेवते. २०१९ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी उंदरांवरचा अभ्यास मांडला. निकोटिन बंद होताच मेंदूतल्या सुखाशी निगडित भागात या पेशींचे रूप पालटले, दाह वाढवणारी रसायने वाढली. औषध देऊन या पेशी कमी केल्या, तेव्हा दाह उतरला आणि उंदरांची बेचैनीही. हे उंदरांत दिसले आहे. माणसात ते तसेच घडते असे कुणी समजू नये, आणि त्यावर विसंबून दाहशामक गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. पण तलफेची मुळे शरीरात आहेत, हे यातून पुन्हा दिसते. मग त्या बाईला भाषण कशाला? तिला उपचार हवेत.

ते उपलब्धही आहेत. निकोटिनचे च्युइंगम व पट्ट्या, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन या सगळ्यांचा जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. इतक्या लोकांसाठी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत यांतले काय मिळते, याची चौकशी लेखकाने करायला हवी होती.

त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तेवढे दिवस तरी आरोग्य कर्मचाऱ्याने घरी फेरी मारावी, असा आदेश आरोग्य विभागाने काढावा. आणि आपण अशा प्रत्येक लेखाखाली १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा मोफत दूरध्वनी क्रमांक छापावा.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा