दुसरे होमी भाभा

परवा इथं ब्रिटनमधल्या मंडळाच्या कार्यक्रमात एका मित्राची मुलगी म्हणाली, मला साहित्य शिकायचंय. आम्ही इंजिनिअर मंडळी एका सुरात, "मग नोकरी कसली?" त्यात मीही होतो.

होमी भाभा म्हटलं की आपल्याला अणुशास्त्रज्ञच आठवतात. दुसरे होमी भाभाही मुंबईचेच, पारशी, जन्म १९४९ चा. एल्फिन्स्टन कॉलेजातून ऑक्सफर्डला आले, मग इथल्याच ससेक्स विद्यापीठात दहाएक वर्षं साहित्य शिकवलं. पुढे शिकागो, २००१ पासून हार्वर्ड. २०१२ मध्ये पद्मभूषण.

त्यांचं 'द लोकेशन ऑफ कल्चर' (१९९४) वाचणं म्हणजे डोकेदुखी. त्यांच्या एका वाक्याला तर १९९८ मध्ये वाईट लेखनाच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला होता! पण त्यातला एक विचार थेट आपल्या घरातला आहे. दोन संस्कृतींच्या मधली जागा ही त्यांच्या लेखी उणीव नाही, नवं काही घडतं ते तिथंच. आपण मात्र आपल्या मुलांना 'ना धड इथली, ना धड तिथली' म्हणून मोकळे होतो.

माझ्या कोडिंगवर घर चालतं. पण "बाबा, आपण नक्की कुठले?" याचं उत्तर त्यात सापडत नाही. फी डोंगराएवढी आहे, तेव्हा नोकरीची चौकशी जरूर करावी, पण निदान अभ्यासक्रम वाचून तरी. अर्जाची मुदत जवळ आलीय आणि मित्र अजून 'बघू' म्हणतोय.